कोन्तं कुटुंब?

अनंतराव वकिलांना हवा खाण्याची फार हौस. बुलढाण्याची हवा साऱ्या वऱ्हाडात थंड, ती खायला गोरे साहेबसुद्धा घाट चढून वर येत, पण अनंतरावांना ती पुरत नव्हती. त्यांना तलावाकाठची हवा पाहिजे होती, आणि तीही सहकुटुंब. पुण्याला त्यांच्या कुठल्याशा मावसभावानं असं मंडळ काढलं होतं म्हणे. मग काय, बुलढाण्यालाही 'सहकुटुंब सहल मंडळ' निघालं. अध्यक्ष स्वतः अनंतराव. आमचे हे, म्हणजे चिंतामणराव, डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत कारकून होते. त्यांना चिटणीस केलं. चिटणीस म्हणजे सतरंज्या गोळा करणारा, हे ह्यांना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

मी उंद्रीची. आमच्याकडे शेतावर जेवायला जायचं तर कोणी मंडळ काढत नसे. वांगी तोडायची, गवऱ्या पेटवायच्या, रोडगे भाजायचे, पोटभर खायचे आणि तिथंच आंब्याखाली आडवं व्हायचं. लग्न होऊन बुलढाण्याला आले तेव्हा मला कळलं की याला वनभोजन म्हणतात, त्याच्याआधी सभा भरवावी लागते आणि नंतर आभार मानावे लागतात.

मंडळाची कलमं दोन. प्रत्येक सभासदानं कुटुंबासह यायचं, हे पहिलं. जातपात न मानता सगळ्यांनी एका पंगतीला बसायचं, हे दुसरं. दुसऱ्या कलमाचा अनंतरावांना फार अभिमान. ते पाळणं सोपंच होतं. पुरुष एका पंगतीला बसत आणि रांधणाऱ्या बायकांना उरलंसुरलं मिळे, मग त्या कुठल्या का जातीच्या असेनात.

पहिली सहल लोणारला ठरली. यजमान होते साखरखेर्ड्याकडचे हिंमतराव. मोठे शेतकरी, कपाशीचं पीक अमाप, दारात दोन रेंग्या, म्हणजे माणसं बसवायच्या हलक्या बैलगाड्या, आणि घरात दोन बायका. तेवढं सगळं असून त्यांना आणखी एक गोष्ट हवी होती, ती म्हणजे ऑनररी मॅजिस्ट्रेटची खुर्ची. त्या वेळी आपलं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं, अधिकारी नागपूरकडून बदलून यायचे. तसे एक नवे ई. ए. सी., म्हणजे एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर, साहेब नुकतेच आले होते. त्यांचा शब्द वर जातो असं अनंतरावांनी हिंमतरावांच्या कानात सांगितलं. साहेबांना सहलीला बोलवायचं, खाऊ घालायचं, खूश करायचं. खर्च हिंमतरावांचा, हवा अनंतरावांची, सतरंज्या आमच्या.

सभा आमच्याच ओसरीवर भरली. मी दाराआड चहा गाळत होते, म्हणून सगळं ऐकलं.

"तर हिंमतराव, आपण कुटुंबासह यायचं," अनंतराव म्हणाले.

"कोन्तं कुटुंब?" हिंमतरावांनी विचारलं.

आता कुटुंब म्हणजे काय हे सांगायला हवं. शहरातल्या शिकलेल्या पुरुषांना 'बायको' म्हणायची लाज वाटते. जिच्या हातचं दोन वेळा खातात, जिच्यापासून पोरं होतात, तिला बायको म्हटलं की यांची जीभ विटाळते. म्हणून 'आमचं कुटुंब'. कुटुंब माहेरी गेलंय, कुटुंबाला पडसं झालंय. जसं काही घरातल्या दहाबारा जणांना एकदम पडसं झालं.

"कोन्तं म्हणजे? आपलं," अनंतराव म्हणाले.

"आपलंच हो वकीलसायेब. पन मोठं का लहान?"

माझ्या हातातली गाळणी तिथंच थांबली.

अनंतरावांना हा घोळ सुचलाच नव्हता. पुण्याच्या मावसभावाच्या मंडळात तो आलाच नसेल. त्यांनी उपरणं झटकलं आणि खालच्या आवाजात सांगितलं की साहेब सुधारक आहेत, दोन बायका करणाऱ्यांवर त्यांनी अकोल्याला मोठं भाषण झोडलं होतं, तेव्हा मॅजिस्ट्रेटी पाहिजे असेल तर कुटुंब एकच दिसलं पाहिजे.

"मंग असं करू," हिंमतराव म्हणाले, "दोघीले आनतो. मोठीले बहीन सांगतो."

"छे छे!" अनंतराव ओरडलेच. "खोटं बोलायचं? मंडळाच्या नावाला बट्टा लागेल."

"पन मोठीबिगर रोडगे कोन करीन? लहानीले पोयी लाटता येत नाही धड."

अनंतरावांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनी ते कायद्याचा विचार करत. मग म्हणाले, "त्या स्वयंपाकासाठीच येणार आहेत ना? मग त्या स्वयंपाकीण झाल्या. ज्या स्वयंपाक करतात त्यांना स्वयंपाकीण म्हणणं खोटं कसं होईल?"

हिंमतरावांना हे एकदम पटलं. बाकीच्यांनाही पटलं. दाराच्या फटीतून मी पाहिलं, आमच्या ह्यांनीही मान हलवली.

मंडळी गेल्यावर मी विचारलं, "तुम्ही मान कशाला हलवली?"

"मी चिटणीस आहे," हे म्हणाले.

त्यानंतर दोन दिवस मी ह्यांना चहात साखर कमी घातली. ह्यांना ते कळलंसुद्धा नाही. चिटणीस ना!

कार्तिक संपता संपता सहलीचा दिवस उजाडला. सर्व्हिस मोटर ठरवली होती. चिखली आली, मेहकर आलं, आणि रस्ताभर अनंतराव आम्हाला निसर्ग दाखवत राहिले. तूर फुलली होती, कपाशी फुटली होती. ते मला दाखवून काय उपयोग? मी जन्मल्यापासून तेच बघत आले. त्यांच्या कुटुंबाला, सुलभाबाईंना, मोटर लागली होती. त्या बिचाऱ्या पदर तोंडाला लावून बसल्या होत्या आणि वकीलसाहेब त्यांनाच विचारत होते, "किती प्रसन्न वाटतं, नाही?"

लोणारला तलावाच्या वरच्या कडेवर, गोड्या पाण्याची धार पडते तिच्या वरच्या अंगाला, चिंचेखाली जागा झाडून ठेवली होती. तिथून खाली तलाव दिसतो, चहूबाजूंनी रान, मधोमध हिरवट खारं पाणी. दुरून फार छान. वारा तिकडून आला की मात्र कुजकट वास येतो आणि नाकाला पदर लावावा लागतो. अनंतराव वाऱ्याच्या तोंडालाच उभे राहिले, छाती फुगवली आणि म्हणाले, "आहाहा!"

हिंमतरावांच्या रेंग्या आधीच आल्या होत्या. तिथं मी गीताबाईंना पहिल्यांदा पाहिलं. पस्तिशीची बाई, उंच, सावळी, कपाळावर ठसठशीत कुंकू. हिरवंगार नवं लुगडं नेसली होती, नाकात नथ होती, हातभर चुडा होता. लग्नघरी निघाल्यासारखी नटली होती आणि गवऱ्या रचत होती. शेजारी विमल, तिची सवत. अठरा-एकोणीस वर्षांची, दीड-दोन वर्षांचं पोर कडेवर. पोर सारखं गीताबाईंकडे झेपावत होतं.

मी उंद्रीची हे कळल्यावर गीताबाईंना मोकळं वाटलं. मी वांगी चिरायला बसले. त्या जाड्याभरड्या कणकेचे गोळे वळता वळता बोलू लागल्या.

"आज लय खुशी हाय मले. कमळजा देवीले नवस बोलली होती म्या. इमलच्या पोटी पोरगं येऊ दे, म्हनलं, मी तुह्यासाठी जोडीनं निवद घेऊन येईन. पोरगं झालं, पन आमच्या याहिले टाइम भेटून नाही राह्यला. आज सोताहून म्हने, चाल लोनारले. म्हनून हे लुगडं काढलं."

"नवस तुम्ही बोललात?" मी विचारलं. "सवतीसाठी?"

"सवत कायची ओ? लेकरू हाय थे. आली तवा राती घाबरून माह्याच जवळ झोपे." त्यांनी विमलकडे पाहिलं. "माह्या पोटी नाही आलं त नाही आलं. घरात त आलं. देवीनं आयकलं. आता मले तिच्यापुढं जोडीनं बसाचं हाय. येवढंच."

विमल लाजून हसली. "अक्का सकायपासून तेच तेच सांगून राह्यली," ती म्हणाली.

मला ठाऊक होतं ना ओसरीवर काय ठरलं ते! या बाईला ते कोणीच सांगितलं नव्हतं. तिला वाटत होतं नवरा नवस फेडायला घेऊन आला, आणि नवऱ्यानं तिला रोडगे भाजायला आणलं होतं. मला इतका संताप आला की आमचे हे सतरंजी अंथरत जवळून गेले तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी सांगायला तोंड उघडणार तोच हिंमतराव आले. डोक्याला नवा फेटा, अंगात कोट, कोटाला चिकटून अत्तराचा वास. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मी होते, पण त्यांच्या लेखी कारकुनाचं कुटुंब म्हणजे माणसात जमा नव्हतं.

"आयकून राह्यली का," ते गीताबाईंना म्हणाले, "साहेब येऊन राह्यले. त्याहिच्यापुढं मले 'अहो' म्हनू नको. तू आज सैपाकीन हाय."

गीताबाई हसल्या. त्यांना थट्टा वाटली. "मंग रोजची कोन हाय?"

"मस्करी नोको करू. साहेबाले दोन बायका आवडत नाहीत. आज इमल एकटीच. तू तिकडं चुलीपाशीच राह्य. अन् थे नथ काढ पह्यले. सैपाकीन नथ घालते का?"

गीताबाईंचा हात कणकेतच राहिला. त्यांनी आधी विमलकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "मंग निवद?"

"निवद मी अन् इमल दावू."

"नवस माहा हाय."

"देवीले काय समजते कोन्ती कोन हाय थे?" हिंमतराव म्हणाले आणि फेटा सारखा करत निघून गेले.

गीताबाईंनी हात पुसले. नथ काढली, पदराच्या टोकाला बांधली आणि टोक कमरेला खोचलं. रडल्या नाहीत. विमल मात्र रडकुंडीला आली. "अक्का, मले आधी माईत असतं त मी आलीच नसती ओ," ती म्हणाली.

"तू कायले रडून राह्यली? पोराले घे. धूर लागन त्याले." एवढं बोलून त्यांनी गवऱ्या पेटवल्या.

ई. ए. सी. साहेब स्वतःच्या मोटारीतून आले, बरोबर त्यांच्या बाई. साहेब बारीक, चष्मा लावणारे, चेहऱ्यावर नेहमी काहीतरी नापसंत असल्यासारखे. बाई मोठ्या आवाजाच्या, हसऱ्या, पुण्याच्या. अनंतरावांनी हार घातले. हिंमतराव इतके वाकले की फेटा साहेबांच्या पोटाला लागला.

"हे माझं कुटुंब," हिंमतरावांनी विमलला पुढं केलं. त्यांनी हे वाक्य पाठ केलेलं दिसत होतं, कारण 'माहं' न म्हणता 'माझं' म्हणाले.

"एकुलतं एक?" साहेबांनी चष्म्यावरून विचारलं. पोराबद्दल विचारलं होतं. हिंमतरावांना वाटलं बायकोबद्दल.

"हो साहेब, एकच! एकदम एकच!"

अनंतरावांना ठसका लागला.

मग भाषण. वनभोजनानं कुटुंबसंस्था कशी बळकट होते यावर अनंतराव बोलले. स्त्री ही घराची देवता आहे, तिला चुलीच्या धुरातून बाहेर काढून निसर्गाच्या मांडीवर आणलं पाहिजे, असं ते म्हणाले. त्या वेळी घराच्या देवता धुरात डोळे पुसत वांग्याची भाजी ढवळत होत्या. धूर तोच, फक्त छप्पर नव्हतं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या ह्यांनी सगळ्यांत जास्त वाजवल्या.

भाषण लांबलं तशी साहेबांना भूक लागली. देवीचं देऊळ खाली, पाण्याच्या काठाला, रानातून बरंच चालून जावं लागतं. साहेब घड्याळ पाहू लागताच हिंमतराव म्हणाले, "निवदाचं मंग पाहू. आधी साहेबाईचं पान वाढा."

देवीच्या आधी साहेब! आमच्या उंद्रीला असं कोणी केलं असतं तर म्हाताऱ्यांनी त्याला गावाबाहेर हाकललं असतं. गीताबाईंनी ऐकलं. आरातून, म्हणजे गवऱ्यांच्या निखाऱ्यांतून, पहिले रोडगे त्यांनी काढले, फुंकून राख झटकली, पळसाच्या पानांत गुंडाळले आणि चिंचेच्या बुंध्याशी उंचावर ठेवले. "हे देवीचे," त्या मला म्हणाल्या. "हे पंगतीत जाऊ देऊ नोका." त्यानंतरच पुरुषांची पानं वाढली.

रोडगे खरोखर असे झाले होते की बोटानं दाबले तर फुटावेत आणि तूप टाकलं तर आत जिरावं. साहेबांनी एक खाल्ला, दुसरा मागितला, तिसऱ्याला नाही म्हणाले नाहीत. चेहऱ्यावरची नापसंती तेवढ्यापुरती उतरली.

"स्वयंपाकीण उत्तम आहे," ते म्हणाले. "कुठची?"

"घरचीच हाय, साहेब. जुनी हाय," हिंमतराव म्हणाले.

"पगार काय देता?"

"पगार कायचा? खाऊनपिऊन हाय. सालाची दोन लुगडी देतो."

गीताबाई तेव्हा तुपाची वाटी घेऊन पंगतीच्या टोकाला उभ्या होत्या. हिंमतरावांच्या पानावर त्यांनी तूप वाढलं, इतरांना वाढलं तेवढंच, धार न थांबवता, आणि पुढं गेल्या. हिंमतरावांनी मान वर केली नाही. खात होते ना!

मी ते उभ्यानं पाहिलं. आजवर बावळट पुरुष पुष्कळ पाहिले, लोभी पाहिले, पण इतका हलका माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आणि त्याला हे शिकवणारा आमचा वकील शेजारीच बसून बोटं चाटत होता.

पुरुष उठले, पान खात सतरंज्यांवर लवंडले. बायकांची पंगत बसली. साहेबांच्या बाईही आमच्याबरोबर मांडी घालून बसल्या, हे मात्र मी कबूल करीन. गीताबाई बसल्या नाहीत. स्वयंपाकीण कशी बसणार! त्या आरापाशीच राहिल्या. विमलच्या पानातला रोडगा तसाच होता.

"आता नावं घ्यायची," साहेबांच्या बाई मोठ्यानं म्हणाल्या. "सगळ्यांनी! सुटका नाही कुणाची."

पुरुष कान टवकारून उठून बसले. यांना हे फार आवडतं. वर्षभर बायको नाव उच्चारत नाही, आणि चारचौघांत यमक जुळवून उच्चारते, तेव्हा यांना वाटतं आपल्याला पदवी मिळाली.

सुलभाबाईंचा चेहरा मोटरीमुळे अजून पांढराच होता. त्यांनी घेतलं:

"कायद्याच्या पुस्तकात कलमं शंभर,
अनंतरावांच्या संसारात माझा पहिला नंबर."

हिंमतरावांनी दुसरीकडे पाहिलं. साहेबांनी 'वा' म्हटलं. मग माझी पाळी आली. मी आदल्या दिवशी वेगळं जुळवलं होतं, पण ओठावर हे आलं:

"लोणारच्या तळ्याला खारट पाणी,
चिंतामणरावांची मान डोलते, ऐकून वकिलांची वाणी."

बायका खळखळून हसल्या. आमचे हेही हसले. त्यांना वाटलं कौतुक आहे.

एकेक करत पंगत विमलपर्यंत आली. हिंमतरावांनी गुडघ्यावर हात ठेवले आणि मान ताठ केली. हेच त्यांना साहेबांना ऐकवायचं होतं. उखाणा अनंतरावांनी बांधून दिला होता, आणि हिंमतरावांनी रेंगीत येताना तो विमलकडून घोकून घेतला होता.

विमलनं पोराला मांडीवर सारखं केलं, पुन्हा सारखं केलं.

"अहो, लाजता काय? एवढं गोजिरं पोर आहे मांडीवर!" साहेबांच्या बाई म्हणाल्या.

"अक्काच्या आधी मी कशी घेऊ?" विमल म्हणाली.

हे खरं आहे. मोठी हजर असताना धाकटीनं आधी नाव घ्यायचं नसतं, आमच्याकडे कोणतीच घेणार नाही. पण हे वाक्य बाहेर पडलं आणि हिंमतरावांचा चेहरा उतरला. अनंतरावांनी डोळे मिटले.

"कोण अक्का?" साहेबांच्या बाईंनी वळून पाहिलं. विमलचे डोळे आरावर होते. बाईंना आपलं वाटलं, पोरगी स्वयंपाकिणीला मान देते आहे. त्यांना ते आवडलं. "हो, खरंच की! इतकं चांगलं जेवू घातलं त्यांनी आणि आपण त्यांना विसरलोच. सवाष्णच आहेत. या हो बाई, इकडे या. तुम्ही घ्या नाव."

"साहेबीनबाई, थे राहू द्या," हिंमतराव मधेच ओरडले. "तिले येत नाही. अडाणी हाय."

"येईल हो. तुम्हाला काय माहीत?" बाई म्हणाल्या.

गीताबाई उठल्या. कपाळावर राख होती, हातांना काजळी होती. पंगतीसमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी हिंमतरावांकडे सरळ पाहिलं. हिंमतराव मान हलवत होते, नको, नको, असं. कोटाचं बटण त्यांनी घट्ट धरून ठेवलं होतं. मला वाटलं आता बाई नाव घेणार आणि या माणसाची मॅजिस्ट्रेटी तलावात बुडवणार. खरं सांगते, मी वाट पाहत होते.

"मले नाव घेता येत नाही असं नाही, बाई," गीताबाई शांतपणे म्हणाल्या. "लय येतात मले. घराघरात मलेच बलावतात. पन माह्या नवऱ्याचं नाव घेन्यासारखं नाही."

साहेबांच्या बाईंचं हसू अर्धवट राहिलं. "म्हणजे? असं काय केलं त्यांनी?"

"काही केलं असतं त सांगलं असतं," गीताबाई म्हणाल्या. "सांगन्यासारखंबी नाही."

हिंमतरावांनी मोठा सुस्कारा टाकला. मूर्ख माणूस! त्याला वाटलं सुटलो. नाव आलं नाही ना? घाम पुसून तो विमलकडे वळला आणि गोड आवाजात म्हणाला, "झालं ना आता? घे, तू घे."

विमल उठली. पोराला कडेवर घेतलं. पंगतीतून निघाली, चालत गेली आणि गीताबाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"आमा दोघीचं एकच हाय, बाई."

वाऱ्यानं तलावाचा वास वर आणला. या खेपेला 'आहाहा' म्हणायला कोणी पुढं झालं नाही. साहेबांच्या बाईंनी हिरव्या लुगड्यातल्या बाईकडे पाहिलं, तिच्या हातातल्या चुड्याकडे पाहिलं, विमलकडे पाहिलं, आणि मग सतरंजीवरच्या हिंमतरावांकडे. बाई मोठ्यानं बोलत असतील, पण बुद्धीनं नवऱ्याच्या पुढं होत्या.

"हिंमतराव," त्यांनी विचारलं, "यांतलं तुमचं कुटुंब कोणतं?"

हिंमतरावांनी अनंतरावांकडे पाहिलं. वकीलसाहेबांना त्याच वेळी तलावाच्या पलीकडच्या काठावर काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं होतं. साहेब उठून मोटारीकडे चालू लागले. आमच्या ह्यांनी सतरंजी गुंडाळायला घेतली, तिच्यावर अजून दोघं बसले होते तरी.

गीताबाईंनी पदराच्या टोकाची गाठ सोडली, नथ नाकात घातली. चिंचेपाशी जाऊन पळसाच्या पानांतले रोडगे उचलले.

"अक्का, कुठं?" विमलनं विचारलं.

"देवीपाशी. नवस राह्यला ना."

"पन तू त जोडीनं म्हनली होती."

"जोडीनंच म्हनली होती," गीताबाई म्हणाल्या. "कोनासंग, थे कुठं म्हनली होती? चाल."

आणि त्या दोघी रानातल्या वाटेनं खाली उतरू लागल्या. पुढं गीताबाई, हातात निवद, मागं विमल, कडेवर पोर. वाट उतरणीची, तेव्हा वळणावर गीताबाईंनी हात मागं केला आणि विमलनं तो धरला. आम्ही सगळ्या बायका कडेशी जाऊन उभ्या राहिलो. साहेबांच्या बाईही आमच्यात होत्या, मोटारीचा भोंगा तिकडे वाजत होता तरी.

हिंमतराव धावत कडेपाशी आले. "अवो!" त्यांनी हाक मारली. "अवो, आयकून राह्यली का!"

दोघींपैकी एकीनंही मागं पाहिलं नाही. हाक नक्की कोणाला आहे हे कसं कळणार? बायकोचं नाव घ्यायची हिंमतरावांना कधी सवयच नव्हती.